पाण्याची शीव कुणाच्या हातात?

आपल्या रानात विहीर खणणे ही आपली खासगी बाब, असे बहुतेक शेतकऱ्यांना अजूनही वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम नावाने २००९ चा असला तरी अमलात आला २०१४ मध्ये, आणि तो भूजलाकडे पाणलोट क्षेत्राच्या चौकटीतून पाहतो. क्षेत्र अधिसूचित झाले की तिथल्या उपशावर बंधने येऊ शकतात. पाणलोटनिहाय समित्यांची तरतूद त्यात आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक काळाने राज्यातल्या पाणलोटांचे मूल्यांकन करते आणि त्यांना सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित अशा रकान्यांत बसवते. कुठली योजना कुठे राबवायची, नव्या विहिरींना अनुदान द्यायचे की नाही, असे निर्णय या रकान्यांकडे बघून होतात.

आता कुठल्याही गावात जाऊन विचारा, की बाबा, तुझा गट नंबर कोणत्या पाणलोटात येतो? तलाठी सात-बारा काढून देईल, भूमी अभिलेख कार्यालय मोजणी करून देईल, पण या प्रश्नाचे उत्तर चावडीवर मिळणार नाही. भूजल यंत्रणेच्या कागदांत पाणलोटांना क्रमांक असतात. ‘जीव्ही’ म्हणजे गोदावरी, ‘बीएम’ म्हणजे भीमा, आणि पुढे आकडा. एका मूल्यांकनात राज्याचे १,५०५ पाणलोट धरले होते, नंतर ते १,५३१ झाले. मधल्या काळात रेषा हलल्या, कुठे फुटल्या, कुठे नव्याने पडल्या. ज्यांच्या बांधावरून त्या हलल्या त्यांना पत्ताही नव्हता. राज्याच्या क्षेत्रफळाला १,५३१ ने भागले तर एक पाणलोट सरासरी दोनशे चौरस किलोमीटरचा येतो, म्हणजे पंचवीस-तीस गावे. ही गावे एका धाग्यात बांधलेली आहेत, पण तो धागा त्यांना कुणी दाखवलेला नाही.

माझे म्हणणे असे, की ज्या रेषेमुळे माणसाच्या विहिरीचा, अनुदानाचा आणि पिकाचा निर्णय लागतो, ती रेषा त्याला नुसती पाहता येऊन भागत नाही. ती पुन्हा आखून, पडताळून, प्रसंगी खोडूनही काढता आली पाहिजे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुक्त सॉफ्टवेअर आणि उपग्रहांनी दिलेली उंचीची माहिती यांमुळे हे प्रत्यक्षात शक्य झाले आहे. अडून बसले आहे ते आपले सरकारी वळण, आणि थोडे आपलेही.

गावाची शीव आणि पाण्याची शीव यांचे नाते आधी पाहायला हवे. आपल्याकडे गावशीव बऱ्याच ठिकाणी ओढ्यावरून जाते. अलीकडचा काठ या गावाचा, पलीकडचा त्या गावाचा. महसुलासाठी ही सोय उत्तम, कारण ओढा कुणी नांगरून सरकवत नाही. (सरकवतात, पण ते वेगळे प्रकरण.) पाण्याची शीव मात्र नेमकी उलट जागी असते, डोंगराच्या धारेवर. तिच्या एका अंगाला पडलेला थेंब या ओढ्यात येतो, दुसऱ्या अंगाचा पलीकडच्या खोऱ्यात जातो. म्हणजे गावशीव पाणलोटाला बरोबर मधोमध, त्याच्या तळातून चिरते. एका गावाने आपल्या बाजूच्या उतारावर सलग समतल चर काढले, बांधबंदिस्ती केली आणि समोरच्या गावाने काही केले नाही, तर समोरच्या उतारावरची माती याच गावाच्या बंधाऱ्यात येऊन बसते. हे कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते. योजना मात्र गाव हे एकक धरून येतात. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही गावांची यादी होती आणि गावांचेच उद्दिष्ट होते. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व प्रत्येक पुस्तिकेत छापलेले असते, पण गावाचा माथा बहुधा शेजारच्या गावाच्या गायरानात नाहीतर वनखात्याच्या हद्दीत असतो. मग काम सुरू होते ते जेसीबी पोचतो तिथे, नाल्याच्या खोलीकरणाने. या अभियानावर भूजल जाणणाऱ्यांनी जी टीका केली, तिचा गाभा हाच होता. ग्रामसभेच्या भिंतीवर गावशिवेच्या नकाशाशेजारी पाणलोटाचा नकाशा टांगलेला असता, तर खोलीकरणाचा ठराव इतक्या सहज हात वर करून मंजूर झाला नसता, असे मला वाटते.

राज्यांच्या भांडणातही हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. म्हादई खोऱ्याचे क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. कळसा-भांडुरा प्रकल्पाचा वाद असा, की या खोऱ्यातले पाणी धार ओलांडून मलप्रभेत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात न्यायचे का आणि किती. लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. पणजीत आणि बेळगावात यावर मोर्चे निघतात, बंद होतात. पण ज्या धारेवरून हे सारे चालले आहे ती धार खानापूर तालुक्यात नेमकी कुठून जाते, हे मोर्च्यातल्या किती जणांनी नकाशावर पाहिले असेल? आज ती कुणालाही घरबसल्या आखता येते. वकिलांच्या फायलीत असलेली रेषा आणि आपल्या हातांनी आखलेली रेषा यांत राजकीयदृष्ट्या मोठे अंतर आहे.

नकाशाबद्दल आपल्याकडे एक जुना सरकारी धाक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी प्रमाणाच्या शीट ही पाणलोट आखण्याची परंपरागत सामग्री. समोच्च रेषा बघत, पेन्सिलीने धारेवरून धारेवर जायचे. किनारपट्टी आणि सीमाभागाच्या शीट वर्षानुवर्षे प्रतिबंधित होत्या, म्हणजे कोकणातल्या शिक्षकाने आपल्याच गावाच्या ओढ्याचा पाणलोट आखायचा म्हटले तर कागदच मिळायचा नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण खात्याची आणि सर्वांसाठीची अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, २०१७ मध्ये खुल्या मालिकेच्या शीट विनामूल्य उतरवून घेता येऊ लागल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवण्यावरची परवान्यांची बंधने बरीचशी उठवली. धाक कागदावरून गेला. कार्यालयातून जायला वेळ लागतो.

गंमत अशी, की हा धाक निरर्थक कधीच झाला होता. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ हे अमेरिकी अंतराळयान साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि रडारने जवळजवळ ऐंशी टक्के जमिनीची उंची मोजून आले. त्या मोहिमेला एसआरटीएम म्हणतात. सुरुवातीला अमेरिकेबाहेरच्या जगासाठी नव्वद मीटरच्या चौकोनांची माहिती मिळाली. २०१४ च्या अखेरीपासून तीस मीटरची खुली होत गेली. आपल्या मापात सांगायचे तर नव्वद मीटरचा एक चौकोन म्हणजे दोन एकर, तीस मीटरचा म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. दोन एकराला एकच उंची असलेल्या नकाशावर माळरानातली घळ दिसत नाही. नऊ गुंठ्यांवर ती दिसू लागते. इस्रोच्या कार्टोसॅट-१ ने घेतलेल्या जोडचित्रांवरून तयार झालेली उंचीची माहिती ‘भुवन’वर मिळते, युरोपची कोपर्निकसची तीस मीटरची माहितीही मिळते. तेव्हा सुरक्षेचे कारण सांगून कार्यालयाने रेषा दाबून ठेवली, तर ती परक्यापासून लपत नाही, फक्त आपल्याच माणसापासून लपते.

सॉफ्टवेअरची कथा तितकीच विलक्षण. ग्रास नावाची नकाशांची प्रणाली १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या बांधकाम अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत जन्मली, कारण सैन्याला आपल्या तळांवरच्या जमिनींचे व्यवस्थापन करायचे होते. पुढे सैन्याने तिचे काम सोडले, विद्यापीठांनी आणि स्वयंसेवकांनी उचलले आणि १९९९ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली. म्हणजे कुणीही वापरावी, उघडून वाचावी, बदलावी आणि बदललेली पुढे द्यावी. क्यूजीआयएस हे असेच दुसरे मुक्त सॉफ्टवेअर २००२ मध्ये गॅरी शर्मन या अलास्कातल्या माणसाने सुरू केले, कारण त्याला आपल्या संगणकावर नकाशे पाहायचे होते. आज ग्रासचे पाणलोटाचे अवजार क्यूजीआयएसच्या आतूनच चालवता येते. तालुक्याच्या कॉलेजातल्या साध्या लॅपटॉपवर ते चालते.

चालवताना काय होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्या भागाची उंचीची फाइल उतरवून घ्यायची. अठ्ठ्याहत्तर रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र असेल तर तिला मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात बसवायचे, नाहीतर लांबी-रुंदी अंशांत राहते आणि हेक्टरचे आकडे भलतेच येतात. मग संगणक प्रत्येक नऊ गुंठ्यांच्या चौकोनाला विचारतो: तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत खाली कोण? पाणी तिकडे. असे सगळ्या चौकोनांना विचारून झाले की कुठल्या चौकोनातून वरच्या किती चौकोनांचे पाणी जाते याची मोजदाद होते, आणि पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर ओढे उमटू लागतात. हे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्या गावकऱ्याचे बोट आपोआप पडद्यावर जाते. “हा आपला खंडोबाचा ओढा.” इतर बऱ्याच प्रणालींत उंचीच्या माहितीतले खोटे खळगे आधी बुजवून घ्यावे लागतात, ग्रासची रीत त्यांतून वाट काढत जाते, म्हणून मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

शेवटची पायरी सोपी दिसते आणि तिथेच घोळ होतो. जिथपर्यंतचा पाणलोट हवा तो बिंदू द्यायचा, समजा गावाखालचा सिमेंट बंधारा. हा बिंदू ओढ्याच्या चौकोनावर नेमका पडला तर वरचे सहाशे हेक्टर रंगतात. एक चौकोन शेजारी, काठावर पडला तर तीन-चार हेक्टरांची एक चिंधी रंगते, कारण संगणकाने तुम्ही विचारले तेवढेच सांगितले. आता विचार करा, की सरकारी नकाशावर असा बिंदू चुकीच्या जागी दिला गेला असेल, तर? तयार रंगीत पीडीएफमध्ये ही चूक कधीच दिसणार नाही. बिंदू, उंचीची फाइल आणि पद्धत हाती असेल तर बारावीतला मुलगा ती अर्ध्या तासात पकडेल. विकत घेतलेल्या बंद प्रणालीतूनही रेषा निघते, चांगली निघते. पण कार्यालयाने “हे संगणकाने काढले आहे” म्हटले की तिथे संवाद संपतो. ग्राससारख्या प्रणालीत “संगणकाने म्हणजे कसे?” या प्रश्नाचे उत्तर ओळीओळीने वाचता येते, आणि गावाकडेही तेच अवजार असते. फुकट मिळते म्हणून मुक्त सॉफ्टवेअर वापरा, हा युक्तिवाद मला दुय्यम वाटतो. वाद घालण्यासाठी दोन्ही बाजूंकडे एकच साखळी आणि एकच टेप असावी, हा मुद्दा मोठा.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो पाणलोटाची कामे करून दाखवलेल्या माणसांकडून येतो. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, आडगाव ही गावे काय लॅपटॉपवर उभी राहिली? विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला काम उभे केले तेव्हा ना उपग्रहाची उंची होती ना क्यूजीआयएस. खरे आहे. धार पायांनी ओळखणारी माणसे तिथे होती, आणि जे गाव स्वतःचा डोंगर स्वतः चालले नाही त्याचा पाणलोट कुठलेही सॉफ्टवेअर सुधारणार नाही. पण ती रेषा त्या माणसांच्या डोक्यात राहिली. शेजारच्या गावाला ती देता आली नाही, पुढच्या सरपंचाला वारशाने मिळाली नाही. आणि समोर जेव्हा कार्यालयाचा कागद येतो तेव्हा “आम्हाला माहीत आहे” या वाक्याची आवक-जावक होत नाही. कागदाला कागदच लागतो. म्हणूनच मला सर्वांत आशादायक वाटते ती उलटी वाट: पडद्यावर आखलेली रेषा फोनवर घ्यायची आणि दोन म्हातारी माणसे बरोबर घेऊन धारेवरून चालत जायचे. जिथे म्हातारा म्हणेल “पाणी इकडं नाय, तिकडं जातं”, तिथे खूण करायची.

म्हातारा बऱ्याचदा बरोबर असतो. रडारला झाडाचा शेंडाही जमीन वाटतो, पाझर तलावाचा बांध डोंगराची सोंड वाटतो. उंचीत काही मीटरची चूक असतेच. सह्याद्रीच्या कड्यावर ती पचून जाते, पण विदर्भात पूर्णेच्या खारपाण पट्ट्यासारख्या सपाट मुलखात, जिथे उतार डोळ्याला जाणवतही नाही, तिथे तीच चूक रेषेला कुठल्या कुठे नेते. संगणक तिथे वहीवर आखल्यासारखे समांतर ओढे काढतो. ते दिसले की समजावे, याला काही कळलेले नाही. कालवे तर पाणलोटाच्या रेषेला जुमानतच नाहीत. गोव्याच्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत पाण्याची हद्द बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे दार) ठरवतात, उंची नव्हे.

शहरांत हे आणखी बिकट होते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि माणसे, गाड्या, भिंती वाहून गेल्या. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा पेशवाईतच वळवला गेला होता, नंतर त्याला भिंतींत कोंबले, त्यावर सोसायट्या झाल्या. उंचीच्या फाइलीला ना पेशव्यांनी वळवलेली वाट नीट कळते, ना रस्त्याखालची पावसाळी गटारे. तरीही घर घेण्याआधी माणसाला एवढे तरी कळायला हवे, की आपल्या इमारतीच्या वर किती डोंगर उतरतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव असतो, पाणलोट नसतो. महापालिकेने आपल्या गटारांची जाळी खुली केली आणि ती या उंचीत कोरून बसवली, तर शहराचा पाणलोट बराच खरा निघेल. ही माहिती महापालिकेशिवाय कुणाकडे नसते, आणि ती मागितली की सुरक्षेचे कारण पुढे येते. आंबील ओढ्याच्या काठी राहणाऱ्यांची सुरक्षा त्या कारणात धरलेली नसते.

एक मर्यादा मात्र नकाशाच्या कोपऱ्यात ठळक छापली पाहिजे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टचा. त्यातले पाणी झिजलेल्या थरातून, भेगांतून, दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून वाहते, आणि तो सांधा धारेच्या पलीकडे झुकलेला असेल तर या डोंगरावर मुरलेले पाणी शेजारच्या खोऱ्यातल्या झऱ्याला निघते. वरून दिसणारा पाणलोट आणि खालचा जलधर एकच असतील असे नाही. भूजलाचा कायदा पृष्ठभागावरची रेषा धरून चालतो, ती सोय आहे. निसर्गाने तिला संमती दिलेली नाही. मला हे रेषा लपवण्याचे कारण वाटत नाही. उलट रेषा खुली असेल तरच कुणी विहिरींच्या पातळ्या तिच्यावर मांडून दाखवील, की इथे तुमचा पाणलोट फसतो आहे.

खुले करणे म्हणजे काय, याबद्दलही आपण फार थोडक्यात समाधान मानतो. संकेतस्थळावर नकाशा दिसतो, मोठा-लहान होतो, पण उतरवून घेता येत नाही. स्वतःच्या गटांचा नकाशा त्यावर ठेवता येत नाही. सर्व्हर बंद असला की दिसतही नाही. काचेआडची मिठाई म्हणावी तसा हा प्रकार. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पाणलोट हद्दींचे संकलन दोन आकड्यांच्या मोठ्या खोऱ्यापासून बारा आकड्यांच्या छोट्या उपपाणलोटापर्यंत सगळे उतरवून घेता येते, कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडेही २०१२ चे राष्ट्रीय माहिती-देवाणघेवाण धोरण आहे, २०१७ चा सरकारी खुल्या माहितीचा परवाना आहे. कागद तयार आहेत. आणि क्षमता नाही असेही नाही: नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे जे काम केले ते क्यूजीआयएसवरच केले. म्हणजे सरकारचे काम मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ शकते. निघालेले उत्तर नागरिकाला त्याच रूपात परत देणे, एवढाच टप्पा उरतो.

जाणत्यांनाच याचा फायदा होईल, बोअर मारणारा एजंट आणि जमिनीचा दलाल आधी शिकेल, ही भीती खोटी नाही. पण दलालाकडे सल्लागार आजही आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी प्रश्न भाषेचा आणि शिकवणाऱ्याचा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे कितीतरी धडे मराठीत आणले. कृषी महाविद्यालयांनी, भूगोलाच्या विभागांनी पाणलोट आखणे हे प्रात्यक्षिक म्हणून धरले, तर दरवर्षी प्रत्येक तालुक्यात दहा-वीस मुले तयार होतील. भूगोलाच्या प्रात्यक्षिक वहीत अजूनही काल्पनिक समोच्च रेषा काढून घेतात. त्याऐवजी आपल्या गावाचा ओढा द्यावा.

सरकारकडून हवे आहे ते फार नाही. राज्यातल्या सगळ्या पाणलोटांच्या हद्दी चित्रात नव्हे तर फाइलीत, क्रमांकासह; कुठल्या उंचीच्या माहितीवरून, कुठल्या साली आणि कुठल्या पद्धतीने काढल्या याची नोंद; जुन्या आवृत्त्या पुसून न टाकता शेजारी; आणि प्रत्येक गट नंबर कोणत्या पाणलोटात, याची गावनिहाय यादी चावडीच्या फलकावर. यासोबत एक छोटीशी तरतूद हवी, की ग्रामपंचायतीने धार चालून दुरुस्त केलेली रेषा ठरावासह पाठवली तर यंत्रणेने ठरावीक मुदतीत ती तपासावी, आणि मान्य नसेल तर का नाही ते त्याच नकाशावर आखून कळवावे.